अंगातली घट

कोल्हापूरजवळच्या आमच्या हुपरीत चांदीचे दागिने घडतात, आणि सगळा कारभार वजनावर चालतो. चांदी आटवायला मुशीत टाकली की थोडी घट येते, तार ओढताना येते, कानस मारताना येते, पॉलिशला तर येतेच. ही घट कुठं गेली याचा हिशेब मालकाला द्यावा लागतो. म्हणून कारखान्याची फरशी झाडली तरी तो केर आम्ही फेकत नाही. पोत्यात भरून ठेवतो. झारेकरी येतो, केर विकत घेतो, धुतो, गाळतो आणि त्यातून चांदी काढतो. पैंजणाचं काम करत मी एकवीस वर्षं हे बघत आलो आहे.

जुलै २०२२ मध्ये सोरायसिस हा कातडीचा आजार अंगभर पसरल्यामुळं मी कोल्हापुरातल्या दवाखान्यात दाखल होतो. तिथं माझ्या खाटेशेजारी आहाराच्या मॅडम येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अंगावरून दिवसाला वीस-तीस ग्रॅम खपल्या जात असतील. ते सगळं प्रथिनच आहे, दादा. तुम्ही खाताय किती?" तेव्हा ते मला पटलं नाही. वीस ग्रॅम म्हणजे काय हे मला हाताला कळतं. वीस ग्रॅममध्ये लहान पैंजणाची एक जोड होते. माझ्या अंगावरून रोज तेवढं गळतंय?

पुतण्याला फोन केला आणि कारखान्यातला खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चादर चारी कोपऱ्यांनी उचलली, मधे गोळा झालेलं सगळं वर्तमानपत्रावर ओतलं. काही खपल्या बोटाच्या नखाएवढ्या, पातळ, चांदीच्या वर्खासारख्या चमकणाऱ्या. बाकी नुसता भुसा. कागदाचं वजन आधी काट्यावर शून्य करून घेतलं, मग ते ठेवलं. ८.६३ ग्रॅम. एका रात्रीचं, फक्त चादरीवर पडलेलं. दिवसभर कपड्यांत, बादलीत, जमिनीवर जे गेलं ते वेगळं.

बायको काहीच बोलली नाही. काटा बंद केला आणि तो कागद घडी घालून तशीच उभी राहिली.

मला सोरायसिस आहे. सुरुवात २०१६ ला झाली, दोन्ही कोपरांवर. आमच्या कामात हाताला तार लागते, चटका बसतो, त्यामुळं आधी लक्षच दिलं नाही. मेडिकलवाल्यानं गजकर्ण म्हणून एक मलम दिलं. लावलं की आठ दिवसांत साफ, सोडलं की दुप्पट. असं दोन-अडीच वर्षं चाललं. डोक्यात कोंडा म्हणून शाम्पू बदलत राहिलो. २०१९ मध्ये त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी एक खपली हलकेच खरवडली. खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आले. त्यांनी लगेच नाव सांगितलं. जिथं तार कापली होती, चटका बसला होता, नेमकं तिथंच नवे चट्टे का उठतात तेही समजावलं. या रोगात जखमेच्या जागी चट्टा उगवतो, त्याला कोबनरची खूण म्हणतात. आपल्या कातडीचा नवा थर तळातून वर यायला एरवी महिनाभर लागतो, माझ्या चट्ट्यांत तो चार-पाच दिवसांत वर येतो. कच्चा थर वर येतो, एकावर एक साचतो आणि गळतो. शरीराची स्वतःचीच संरक्षणाची फौज आत भडकलेली असते, त्यामुळं हे होतं. लागट नाही. आणि कायमचा जाणाराही नाही, पण आवरता येतो.

"कायमचा जाणारा नाही" हे एवढंच मी ऐकलं, बाकीचं राहून गेलं. कायमचा घालवतो म्हणणारा माणूस शोधायला लागलो. तो मिळाला. त्याच्या पुड्या होत्या, सकाळी एक, रात्री एक. पंधरा दिवसांत अंग आरशासारखं झालं. मी आणखी चार जणांना तिकडं पाठवलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुडीबरोबर पथ्य होतं, आणि मला खरं सांगायचं आहे ते या पथ्याबद्दल. अंडं बंद, ते उष्ण. मासे बंद, मटण-चिकन बंद. दूध बंद, दही तर नावही काढायचं नाही. तूरडाळ पित्त करते, शेंगदाणा खाज आणतो, हरभरा वातूळ. वांगं, चिंच, गूळही बंद. उरलं काय? भाकरी, भात, दुधी, दोडका, पडवळ आणि मुगाचं वरवरचं पाणी. आमच्याकडं अंगावर काही उठलं की हे असंच सांगतात. दूध आणि मासे एकत्र खाल्ले म्हणून हे झालं असं म्हणणारे तर घरोघरी आहेत. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. आईनं ते पथ्य माझ्यापेक्षा कडक पाळलं. माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं, वेगळी पळी ठेवली. तीन वर्षं मी असं जेवलो.

चेहरा गोल झाला, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. हातपाय मात्र बारीक होत गेले. २०२२ च्या जूनमध्ये त्या माणसाचं दुकान बंद झालं, पुड्या संपल्या. तिसऱ्या आठवड्यात पाठ लाल झाली, मग पोट, मग मांड्या, मग चेहरा. दहा दिवसांत डोक्यापासून तळपायापर्यंत कोरी जागा उरली नाही. पावसाळा होता, पण मी दोन घोंगड्या घेऊन कुडकुडत होतो, कारण कातडीतून उष्णता नुसती निघून जात होती. पाय इतके सुजले की बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहायचा.

दवाखान्यात याला एरिथ्रोडर्मा म्हणाले. त्या पुडीत स्टेरॉइड असावं आणि ते एकदम थांबल्यामुळं रोग उसळला असावा असा डॉक्टर मॅडमचा अंदाज होता. पुडी शिल्लक नव्हती म्हणून तपासता आली नाही. पण गोल चेहरा आणि वाढलेली साखर बघून त्यांना फारशी शंका नव्हती. रक्तात अल्ब्युमिन २.३ आलं. ते साडेतीनच्या वर असायला हवं. हेच प्रथिन रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते उतरलं की पाणी पायात झिरपतं. वजन ५६ किलो भरलं, तेही पायातलं पाणी धरून. आजाराआधी ६८ होतो.

आहाराच्या मॅडमनी माझ्याकडून आदल्या दिवशीचं जेवण वदवून घेतलं आणि वहीत बेरीज केली. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, थोडा भात, दुधीची भाजी, मुगाचं पाणी. कसंबसं तीस ग्रॅम प्रथिन. निरोगी माणसालासुद्धा वजनाच्या प्रत्येक किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम लागतं, आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तो आकडा आहे. मला त्यांनी दीड ग्रॅमचा हिशेब लावला. म्हणजे ८४ ग्रॅम. "जातंय वीस-पंचवीस, येतंय तीस. मग हृदय, स्नायू, रक्त यांनी जगायचं कशावर?" त्यांनी विचारलं.

घट आणि आवक. हे मला लगेच कळलं. एवढी वर्षं चांदीच्या केराचासुद्धा हिशेब ठेवणारा मी, माझ्याच अंगातून काय गळतंय आणि काय आत जातंय हे कधी बघितलं नव्हतं. गळती सगळ्यात जास्त तेव्हाच नेमकी आवक बंद करून बसलो होतो.

एक गोष्ट मात्र डॉक्टर मॅडमनी त्याच दिवशी स्पष्ट केली, आणि तीही माझ्याइतक्याच हट्टी माणसांसाठी इथं लिहितो. अल्ब्युमिन फक्त खपल्यांतून गेलं म्हणून उतरत नाही. अंगात एवढा दाह चालू असला की यकृत ते कमी बनवतं. त्यामुळं नुसतं खाऊन आकडा वर येणार नाही, दाह औषधानं आवरावा लागेल. आणि नुसत्या औषधानंही भागणार नाही, कारण बनवायला माल लागतो. दोन्ही एकदम. मेथोट्रेक्सेट नावाची जी गोळी मला पुढं द्यायची होती, ती रक्तात याच अल्ब्युमिनला धरून फिरते. ते कमी असताना गोळी दिली तर तिचा विषारी परिणाम वाढायची भीती. म्हणून आधी सायक्लोस्पोरिन हे दाह आवरणारं दुसरं औषध सुरू केलं, रोज रक्तदाब, आणि मूत्रपिंडं नीट आहेत ना हे बघायला दर थोड्या दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन. मेथोट्रेक्सेट थांबवून ठेवली. माझं जेवण माझ्या औषधाच्या वाटेत होतं, हे मला कुणी त्याआधी सांगितलं नव्हतं.

सोळा दिवस दाखल होतो. दिवसातून तीन वेळा सगळ्या अंगाला पॅराफिन लावायचं, ओल्या कापडाच्या पट्ट्या, आणि खायचं. भूक नव्हती. तोंडाला चव नव्हती. सकाळी दोन अंडी, दुपारी एक. अर्धा लिटर दूध दोन वेळांत. घट्ट डाळ वाटीभर, उसळ वाटीभर, दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे. हे सगळं मिळून सत्तर-पंच्याहत्तरच्या पुढं जाईना, म्हणून वर प्रोटीन पावडर. दवाखान्यात मिळते ती साधी, दूध आणि सोयाबीनची, व्हॅनिलाच्या वासाची. दोन मोठे चमचे म्हणजे डब्यावरच्या हिशेबानं दहा ग्रॅम. गरम दुधात टाकली की गुठळ्या व्हायच्या आणि मला ओकारी यायची. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या बायकोनं युक्ती सांगितली: आधी चार चमचे गार पाण्यात पिठल्यासारखी कालवून घ्यायची, मग कोमट दूध ओतायचं. त्यानंतर ती पोटात टिकायला लागली.

पंधरवडा संपता संपता श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा शिवत नाहीत. आई त्या दिवशी डबा घेऊन आली, माळकरी बाई, साठ वर्षांत तिनं श्रावण मोडलेला नाही. मी म्हटलं, "आई, महिनाभर राहू दे, डाळीवर भागवतो." तिनं डबा उघडला. वर भात, खाली कापडात गुंडाळलेली तीन उकडलेली अंडी. सोलून आणली होती. "खा," म्हणाली. "देवाला सांगून आलोय मी. तुला बरं वाटल्यावर बघू त्याचं आणि माझं काय ते." तिनं कधी अंड्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. तिच्या नखांत पांढरं कवच अडकलेलं होतं.

अल्ब्युमिन काही धावत वर येत नाही. त्याचा एक कण रक्तात तीन आठवडे टिकतो, त्यामुळं नवा साठा भरायला महिने लागतात. दहा दिवसांनी २.६. घरी आलो तेव्हा पायाची सूज निम्मी होती. सप्टेंबरअखेर ३.४. मग ऑक्टोबरात मेथोट्रेक्सेट सुरू झाली, आठवड्यातून एकदाच, सोमवारी, साडेसात मिलिग्रॅमपासून. डॉक्टर मॅडमनी पाकिटावर लाल पेनानं "फक्त सोमवार" लिहून दोनदा खाली रेघ मारली. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. डिसेंबरात अल्ब्युमिन ३.९ झालं, वजन ६३. जानेवारीत मी पुन्हा कारखान्यात बसलो, पहिले काही दिवस नुसत्या कड्या जोडायला.

शेजारच्या खाटेवरच्या त्या रुग्णाची गोष्ट इथंच सांगतो, कारण माझा अनुभव कुणी जसाच्या तसा उचलू नये. इचलकरंजीचा यंत्रमागावरचा कामगार, त्यालाही सोरायसिसच, सांधेही धरलेले. त्याचं वजन ९६ किलो. आहाराच्या मॅडमनी त्याला नेमकं उलटं सांगितलं: वजन उतरवा. अंगावरची जादा चरबी दाह वाढवते, औषधाचा जोर कमी पडतो, आणि जाड रुग्णांनी वजन उतरवलं की चट्टेही उतरतात. त्याच्या ताटात डाळ आणि अंड्याचा पांढरा भाग होता, पण तेल, साखर, भात मोजून. आम्ही दोघं एकाच रोगाचे, शेजारी शेजारी, आणि एकाला चढवायचं होतं, दुसऱ्याला उतरवायचं होतं. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत त्यांना तर जादा प्रथिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नसतं. मला सुरू करण्याआधी क्रिएटिनिन बघितलं होतं.

आता व्हे प्रोटीनची गोष्ट, म्हणजे जिमची पोरं घेतात त्या दुधातल्या प्रथिनाच्या पावडरीची. २०२३ च्या मार्चमध्ये पुतण्याच्या जिमच्या मित्रानं सांगितलं की व्हे घेतलं की कातडी आतून सुधारते, सोरायसिस जातो, परदेशात सिद्ध झालंय. माझे चट्टे तेव्हा आवरलेले होते, पण गेलेले नव्हते. दोन्ही कोपरं, डावी नडगी आणि डोक्याची मागची बाजू राहिली होती. साडेपाच हजारांचा दोन किलोचा डबा घेतला. या वेळी मात्र एक गोष्ट नीट केली. नडगीवरच्या चट्ट्याला मोजपट्टी लावून दर रविवारी सकाळी आठला, खिडकीच्या त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढायचा. सुरू करताना चट्टा ६.५ सेंटिमीटर होता. रोज दोन स्कूप, म्हणजे ४८ ग्रॅम.

सहा आठवडे झाले. चट्टा ६.५ सेंटिमीटरच होता. जाडी तीच, लाली तीच. छातीवर, खांद्यांवर, पाठीवर मात्र पुरळ उठायला लागलं, पिवळ्या तोंडाचं. मी घाबरलो. सोरायसिसचाच पूवाचा प्रकार असतो आणि तो वाईट असतो, हे दवाखान्यात ऐकलं होतं. रात्रभर झोप आली नाही. सकाळी पहिल्या बसनं कोल्हापूर गाठलं.

डॉक्टर मॅडमनी भिंग लावून बघितलं. फोड केसांच्या मुळाशी होते, मुरमांसारखे. सोरायसिस नव्हता. "नवीन काय घेताय?" विचारलं. डब्याचा फोटो दाखवला. त्यांनी समजावलं की व्हेमुळं रक्तात इन्सुलिन आणि त्याच्या भावकीतला वाढीचा एक घटक चढतो, आणि त्यानं त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करायला लागतात. जिमला जाणाऱ्या पोरांत अशी मुरमं उठलेली डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहेत. सगळ्यांना होत नाही, माझ्या बाबतीत ते त्याचंच असावं. थांबवलं. दोन महिन्यांत पाठ स्वच्छ झाली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण तसला डबा मी पुन्हा आणला नाही.

"मग परदेशात सिद्ध झालं ते काय?" मी विचारलं. त्यांनी टाळलं नाही. कॅनडात क्वेबेकमध्ये २००५ च्या सुमारास गाईच्या दुधाच्या व्हेपासून एक खास अर्क काढला होता, त्याचं नाव एक्सपी-८२८एल. सौम्य ते मध्यम सोरायसिसच्या ८४ रुग्णांवर छप्पन्न दिवस तो तपासला, निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तसलीच दिसणारी निरुपयोगी पावडर. अर्क घेणाऱ्यांत थोडा जास्त फरक दिसला. म्हणजे आधार अगदी नाही असं नाही. पण तो अर्क दिवसाला पाच ग्रॅमचा, विशिष्ट रीतीनं काढलेला, दाह शमवणारे वाढीचे घटक राखलेला. जिमच्या डब्यातलं व्हे म्हणजे तो अर्क नव्हे. नावातला एक शब्द सारखा म्हणून वस्तू सारखी होत नाही. जर्मन सिल्व्हरला नावात सिल्व्हर आहे, त्यात चांदी औषधालाही नसते. हे मला कुणी समजवायला नको होतं.

कोलॅजनच्या पुड्याही मेहुण्यानं मुंबईहून पाठवल्या, कातडीसाठी म्हणून. त्यावर मॅडमचं उत्तर छोटं होतं. कोलॅजन पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखंच त्याचे तुकडे होतात, ते सरळ कातडीत जाऊन बसत नाही. आणि त्यात ट्रिप्टोफॅन हा गरजेचा घटक नसतोच, त्यामुळं प्रथिन म्हणूनही ते अपुरं. पुड्या परत पाठवल्या.

डब्यांबद्दल माझी खरी काळजी वेगळी आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला यकृत जपावं लागतं, दर दोन-तीन महिन्यांनी मी त्यासाठी रक्त देतो, दारूला शिवत नाही. २०२४ मध्ये केरळातल्या यकृताच्या डॉक्टरांच्या एका गटानं भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी तपासल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांतल्या जवळपास सत्तर टक्के डब्यांवर प्रथिनाचं प्रमाण चुकीचं होतं. काहींत बुरशीचं विष सापडलं, काहींत कीटकनाशक. वर अनेक डब्यांत वनस्पतींचे अर्क मिसळलेले असतात, त्यांतले काही यकृताला बाधतात. चांदीत भेसळ निघाली तर पैसा जातो. इथं गोळी आधीच यकृतावर बसलेली असताना कुणी काय मिसळलंय हे न बघता मी डबा तोंडाला लावत होतो. त्याच वर्षी आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नका असंच म्हटलं आहे. आजारात डॉक्टरांनी ठरवून, मोजून, ठरावीक काळ दिलेली पावडर वेगळी. ती मी घेतली, तिनं मला उभं केलं, आणि गरज संपली तशी ती बंद केली. दवाखान्यातला शेवटचा डबा २०२३ च्या जानेवारीत संपला.

मग आवक कशी राखायची? स्वयंपाकघरातून. एक अंडं सहा ग्रॅम. घट्ट डाळ किंवा उसळ वाटीभर, सहा-सात ग्रॅम. भाजलेले शेंगदाणे मूठभर, सात. सोयाबीनच्या वड्या तर शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर, पण मला त्यांचा वास सोसत नाही, म्हणून बायको भिजवून, पिळून, बारीक करून खिम्यासारख्या करते, कांदा-लसूण मसाला घालून. म्हशीचं दूध पाव लिटर घेतलं की नऊ-दहा. आता वजन ६६ आहे आणि मला पासष्ट-सत्तर ग्रॅम ठरवून दिलंय. घराच्या जेवणात ते सहज बसतं, फक्त डाळ पातळ करायची नाही एवढं पाळावं लागतं.

दुधावरून एक राहिलं. कोल्हापूरकराला ताकद म्हटलं की कट्ट्यावरचं दूध आठवतं. गंगावेशीत म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ ग्लास तसाच तोंडाला लावायचा, तालमीतली पोरं तेच पिऊन वाढली. माझा थोरला भाऊ तालमीतला. मी दवाखान्यातून सुटलो त्या दिवशी तो मला थेट कट्ट्यावर घेऊन निघाला होता. नशीब, निघताना मॅडमना विचारलं. सायक्लोस्पोरिन काय, मेथोट्रेक्सेट काय, या गोळ्या शरीराची फौज शांत करतात, म्हणून तर रोग आवरतो. तशा माणसानं न तापवलेलं दूध पिऊ नये, त्यातल्या जंतूंशी लढायला ती फौज पुरी पडत नाही. भावाला हे लागलं. धारोष्ण दुधाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं तालमीला नाही म्हणणं होतं. पण त्यानं तेच दूध घरी आणलं, स्वतः तीन उकळ्या काढल्या आणि मग ग्लास माझ्या हातात दिला.

आणि व्हे. गेल्या पाडव्याला आईनं श्रीखंडासाठी चक्का टांगला होता, खाली पातेल्यात हिरवट पाणी गळत होतं. लहानपणापासून ती त्या पाण्यात भाकरीचं पीठ मळते, नाहीतर आमटीत ओतते. "हेच ते व्हे," पुतण्या म्हणाला. दुधातल्या प्रथिनांपैकी पाचवा हिस्सा व्हेचा, बाकीचं केसिन, ते चक्क्यात राहतं. वाटीभर पाण्यात जेमतेम एखादा ग्रॅम. त्यानं काही होणार नाही, पण ते तिनं कधी मोरीत ओतलेलं नाही. झारेकऱ्याच्या पोत्यासारखंच आहे ते.

माझा सोरायसिस गेलेला नाही. नडगीवरचा चट्टा आज ४ सेंटिमीटरचा आहे आणि चपटा झालाय. तो कमी झाला तो सोमवारच्या गोळीनं आणि रोजच्या मलमानं, अंड्यानं नाही, हे मी स्वतःला आणि विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो. अंड्यानं, डाळीनं माझे पाय उतरले, जिना चढायची ताकद आली, आणि ती गोळी सुरू करण्याइतकं शरीर तयार झालं. मी ज्या चौघांना पुडीवाल्याकडं पाठवलं होतं त्यांतले तिघं सापडले. दोघांना मी स्वतः त्वचेच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो, कारण पुडी एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू उतरवायची, हे मला माझ्या कातडीनं शिकवलं होतं. तिसरा ऐकत नाही. अजून तेच पथ्य पाळतो, दुधी आणि मुगाचं पाणी. गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचे दंड बघितले. उद्या रविवार, कारखान्याला सुट्टी. काटा घेऊन पुन्हा त्याच्याकडं जाणार आहे.